थट्टेचं नातं

चैत्र लागला की माझं बूड एका जागी टेकत नाही. हे आजचं नाही, पन्नास वर्षांचं दुखणं आहे. ऊन तापायला लागलं, कडुलिंबाचा फुलोरा अंगणात सांडायला लागला, की मी उगीच आत-बाहेर करते. फळीवरचे डबे काढते, पुसते, परत तिथंच ठेवते. झाडलेलं अंगण पुन्हा झाडते. आमचे हे म्हणतात, "अगं, बस की जरा." पण बसले की हात काहीतरी फोडायला मागतात. शेंगा तरी द्या, नाहीतर लाकडं तरी द्या.

यंदा त्यात भर पडली ती नातीच्या अभ्यासाची. श्वेता नगरला राहून कसल्याशा सरकारी परीक्षेची तयारी करते. पंधरा दिवस गावी आली होती. जाडजूड पुस्तक मांडीवर, पंखा डोक्यावर आणि तोंडात इंग्रजी शब्दांचा रवंथ. एका दुपारी तिनं विचारलं, "आजी, रेपार्टी म्हणजे काय, माहितेय?"

"पार्टी माहितेय. रे कोण?"

ती खो खो हसली. "हेच! आत्ता तू केलंस ना, तेच. समोरच्यानं काही म्हटलं की तिथल्या तिथं त्याला मजेदार उत्तर द्यायचं. पुस्तकात अर्थ दिलाय, हजरजबाबी संभाषण. आता वाक्यात उपयोग करायचाय. सांग ना एखादं वाक्य."

मी सातवी पास. तीस वर्षं गावची बालवाडी चालवली. वाक्यात उपयोग म्हणजे माझ्या हातचा मळ. पण त्या दुपारी वाक्य काही झालं नाही. एका वाक्यात ते मावत नव्हतं, आणि सगळं सांगत बसावं तर पोरीला वेळ नव्हता. तिनं आपलं आपण काहीतरी लिहिलं आणि ती पुढच्या शब्दाकडं गेली. मग नगरला गेली. तो शब्द मात्र माझ्या डोक्यात ठेवून गेली. आठवड्यात दोनदा दूध उतू गेलं, एकदा भाजीत मीठ दोनदा पडलं. म्हणून शेवटी लिहायला बसले आहे. लिहून तरी सुटका होते का बघू.

पुस्तकातला अर्थ चुकीचा नाही, पण तो फार सोवळा आहे. आमच्या बोलण्यात यासाठी दहा शब्द आहेत आणि त्यातल्या एकाची जागा दुसरा घेत नाही. टिंगल पाठीमागं होते. टोमणा मारतात तो लागावा म्हणून, आणि मारणारा उत्तराला थांबत नाही, मारला की चालायला लागतो. फिरकी एकजण घेतो, दुसरा नुसता फिरतो. मस्करीची कुस्करी होते म्हणतात, ती होतेच. थट्टा या सगळ्यांपेक्षा वेगळी. तिला दोघं लागतात आणि दोघं तोडीस तोड लागतात. एकानं टाकायचं, दुसऱ्यानं वरच्यावर झेलायचं आणि परत टाकायचं. ज्याला आधी हसू फुटलं तो हरला. आणि मनात कुठंही माती नको. माती असली की थट्टेचा टोमणा व्हायला वेळ लागत नाही.

आणखी एक गोष्ट पुस्तकात नाही. थट्टा कोणी कोणाची करायची हे आमच्याकडं ठरलेलं असतं. मेहुण्यानं मेहुणीची करावी, व्याह्यानं विहिणीची करावी. धाकट्या दिरानं वहिनीची करावी, तो तर त्याचा हक्कच. याला थट्टेचं नातं म्हणतात. पण नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे सासऱ्याच्या जागी. त्याच्यासमोर पदर खाली ओढायचा, नजर वर करायची नाही, आणि थट्टा सोडाच, साधा शब्दही बोलायचा नाही. हे कोणी बसवून शिकवत नाही. पोरगी भाकरी थापायला शिकते तसंच हेही शिकते. मलाही माहीत होतं, लहानपणापासून. तरी जी चूक व्हायची ती झाली.

सन बहात्तर-त्र्याहत्तर. दुष्काळाचं साल. सुप्याच्या अलीकडं रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं आणि तीन-तीन, चार-चार मैलांवरून माणसं तिथं खडी फोडायला येत होती. मी एकोणीस वर्षांची. आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, आई आणि मी असे तिघं उजाडायच्या बेताला निघायचो. आईच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं, माझ्या हातात पाण्याची कळशी. कामावर पोचायच्या आधीच हातोड्यांचा आवाज यायचा. सकाळी तुरळक यायचा, ऊन चढेल तसा दाट होत जायचा. दुपारी तर तो आवाज बाहेरून येतो आहे की आपल्या डोक्यातून, हे कळत नसे.

दगड फुटला की त्याला जळका वास येतो. तो वास माझ्या ओढणीला, केसांना, भाकरीलाही लागलेला असायचा. ओढणी कसली, आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा तो. बोटांना चिंध्या बांधलेल्या. डोळ्यात कपची जाऊ नये म्हणून डोळे बारीक करून करून आमच्या सगळ्यांच्या कपाळाला एकसारख्या आठ्या पडल्या होत्या. सावलीला एक बाभूळ, आणि तिच्या सावलीपेक्षा तिचे काटेच जास्त. मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी सकाळी मऊ असली तरी दुपारपर्यंत फरशी व्हायची.

कामाची रीत अशी होती. पुरुष उभे राहून घणानं मोठे धोंडे फोडायचे. समोर आम्ही बायका ओळीनं बसायचो. घणवाल्यानं फोडलेला दगड पायानं पुढं ढकलायचा, तो बाईनं ओढून घ्यायचा आणि हातोडीनं त्याची खडी करायची. आमच्या ओळीला घणावर शेजारच्या गावचे शिरपती होते. तिशीच्या आसपासचे, लग्न झालेले, उंच आणि वाळक्या शेंगेसारखे किडकिडीत. घण त्यांच्यापेक्षा जड वाटायचा.

पहिल्या दिवशी माझ्या वाट्याला एक काळा दगड आला. मी त्याला चारी बाजूंनी हातोडी लावत होते आणि तो फुटत नव्हता. कोणीतरी सांगितलं होतं की ही पोरगी सातवी शिकलेली आहे.

शिरपतींनी घण खाली टेकवला आणि म्हणाले, "ए सातवी, दगुड फोडतीस का त्याला शाळा शिकवतीस?"

ओळीतल्या बायका थांबल्या. मी मान वर न करता म्हटलं, "शिकवतीया. तुमच्यापरास लवकर शिकंल."

अख्खी ओळ हसून फुटली. आमचे तात्या हसले. पाण्याचा हंडा घेऊन येणारी म्हातारी सोनाबाई हसता हसता खाली बसली. शिरपती नाही हसले. त्यांनी मुंडासं सारखं केलं, घण उचलला आणि म्हणाले, "मंग मला बी दाखल करून घे. फी काय घेतीस?"

"फी न्हाई. पर पट्टी लई बसंल."

त्या दिवसापासून ते सुरू झालं. सगळ्यांदेखत, आईबापांसमोर, हातातलं काम न थांबवता. घणाचा एक ठोका, त्यांचं एक वाक्य. हातोडीचे चार ठोके, माझं एक वाक्य. एकदा दुपारी भाकरी सोडली तर ते लांबून म्हणाले, "सातवी, तुझ्या भाकरीचा एक तुकडा दे गं. पहार बोथट झालीया, धार लावतो." मी म्हटलं, "न्या की. पर पहारीलाच लावा. डोक्याला लावू नगा, भाकर झिजंल." एकदा जीपमधून साहेब आले. लोकांना विचारलं, काही अडचण आहे का? कोणी बोलेना. शिरपती पुढं झाले. "अडचन एकच हाय, सायेब. दगडं संपत न्हाईत आन भाकर पुरत न्हाई. ह्येची अदलाबदल हुईल का?" साहेबालाही हसू आवरलं नाही. जीप गेल्यावर ते माझ्याकडं बघून म्हणाले, "कसं?" मी म्हटलं, "चांगलं. पर दगडाची भाकर झाली तरी ती फोडायला तुमीच लागनार, घण घेऊन जेवायला बसा."

हसल्यानं भूक जाते असं मी म्हणणार नाही. असलं कोणी म्हणालं तर मला राग येतो. भूक जात नाही. पण तासभर भूक एका बाजूला बसायची आणि आपण दुसऱ्या बाजूला. तेवढंही त्या दिवसांत पुष्कळ होतं. पलीकडच्या ओळीतले लोक आमच्या ओळीत जागा मिळावी म्हणून मुकादमाच्या मागं लागायचे.

घरून निघाल्यावर वाटेनं मी उत्तरं जुळवत जायची. हे असं म्हणाले तर मी तसं म्हणेन. तीन मैलांत आठ-दहा झणझणीत उत्तरं तयार व्हायची आणि त्यातलं एकही कामाला यायचं नाही, कारण ते कधीही तसं म्हणायचे नाहीत. आयत्या वेळी भलतंच काहीतरी म्हणायचे, आणि मलाही आयत्या वेळी भलतंच सुचायचं. आपण काय बोललो हे मलाही बोलून झाल्यावर कळायचं. अशी मी त्याआधी कधी नव्हते. घरात आई म्हणायची, जिभेला लगाम घाल. शाळेत मास्तर म्हणायचे, उलट बोलू नको. तिथं त्या खडीच्या ढिगाजवळ पहिल्यांदा असा माणूस भेटला, जो माझं उलट बोलणं ऐकायला घण खाली टेकवून थांबायचा.

आता वाचणाऱ्याच्या मनात काय येईल ते मला कळतं. पन्नास वर्षं तेच माझ्याही मनात येऊन गेलं आहे आणि मी ते नीट उलटसुलट करून पाहिलं आहे. तसं नव्हतं. त्यांच्या बायकोचा मला हेवा वाटला नाही, त्यांच्या अंगाला हात लागावा असं वाटलं नाही. तसं असतं तर त्याला नाव तरी होतं, लोकांनी नावं ठेवली असती, आणि प्रकरण मिटलं असतं. मला फक्त त्यांच्याशी बोलायचं होतं. रोज बोलायचं होतं, दुसऱ्या दिवशी परत बोलायचं होतं.

त्यांचंही बहुतेक तेच झालं असावं. माघ-फाल्गुनाच्या सुमाराला एका दुपारी ते आमच्या बाभळीखाली आले, तात्यांच्या शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "तात्या, तुमची हौसा आमच्या बबनला द्या."

बबन म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तात्यांचा घास हातातच राहिला. "आवो, ह्या सालात कुठलं लगीन?"

"साल असंच असत्यात. आमाला काय बी नगं. नारळ आन पोरगी, बास."

आईनं विचारलं, "पोरगं कसं हाय?"

"बैलावानी गरीब हाय."

माझ्या जिभेवर आलं होतं, मग कासरा माझ्याच हातात द्या. पण लग्नाच्या बोलण्यात पोरीनं तोंड घालायचं नसतं. मी ते गिळलं. मी गिळलेलं ते पहिलं उत्तर.

मग शिरपती म्हणाले ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. "आमचं घर लई मुकं हाय, तात्या. आई बोलत न्हाई, बबन बोलत न्हाई, बायकू बोलत न्हाई. सांजंला घरी गेलं की भिताडं खायाला उठत्यात. ही आली की घर बोलाया लागंल."

माझ्या अंगावर आनंदाचा काटा आला. बबन काळा की गोरा मला माहीत नव्हतं. माझ्या मनात एवढंच की, ज्या घरात शिरपती आहेत तिथं खायचे हाल झाले तरी बोलायचे होणार नाहीत. रस्ता एक दिवस संपणार, पाऊस पडणार, जो तो आपल्या गावाला जाणार, ही धास्ती मला महिनाभर लागून राहिली होती. ती त्या दुपारी गेली. मी इतकी शिकलेली, ते इतके हुशार, आणि दोघांनाही एवढीशी गोष्ट दिसली नाही. दोघं एकाच घरात यायचं म्हणून खूश झालो, आणि त्या घरात आमचं नातं काय होणार याचा विचारच केला नाही.

बाजारच्या दिवशी सुपारी फुटली. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना आई वाटेत म्हणाली, "आजपून त्येंच्याम्होरं वर बघायचं न्हाई. थोरलं दीर हायेत तुझं. बोलायचं बी न्हाई."

मी थांबलेच. आई चार पावलं पुढं गेली, मागं वळून म्हणाली, "चल की."

मी ओळीत बसले. ओढणीचा पदर नाकापर्यंत ओढलेला. सगळी ओळ कान टवकारून होती. लग्न ठरलं म्हणजे आज तर मेजवानीच, असं त्यांना वाटलं असणार. घणाचे दोन-तीन ठोके पडले. दगड माझ्यापुढं आला आणि वरून त्यांचा नेहमीचा आवाज आला, "काय गं सात..."

पुढचं आलं नाही. पदराखालून मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. पावलांवर खडीची पांढरी भुकटी.  मग घण खाली टेकवल्याचा आवाज झाला, आणि ते पाय वळून हंड्याकडं गेले. नुकतंच पाणी पिऊन आले होते, तरी गेले.

सोनाबाईनं कपाळावर हात मारला. "आरं येड्या शिरपा! चांगलं चालल्यालं हुतं. पोरीला मेव्हण्याला मागतास, न्हाईतर थोरल्या भावाला मागतास, तर गोष्ट येगळी. सोताच्या धाकट्या भावाला मागितलीस? आता आमी काय ऐकायचं?"

 त्या दिवशी ओळीत फक्त दगडाचा आवाज होता. संध्याकाळी मुकादम म्हणाला की आज तुमची खडी जास्त झाली. बायका त्याच्याकडं अशा काही बघायला लागल्या की तो निघूनच गेला.

वैशाखात लग्न झालं. लापशी, नारळ आणि पोरगी. आमचे हे खरोखरच गरीब निघाले, आणि मी त्यांच्याबद्दल वाईट एक शब्द लिहिणार नाही. मी काही गमतीचं बोलले तर त्यांना ते दुसऱ्या दिवशी दुपारी समजायचं. नांगर धरलेला असताना मध्येच हसायला लागायचे. मला त्यांचं ते उशिराचं हसू आवडायचं. पण हसू उशिरा आलं तर उत्तर तोवर कुठं थांबणार?

थोरल्या दिरांना घरात सगळे आप्पा म्हणायचे. लग्नाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी मी चुलीपुढं होते, ओली लाकडं, धूर धूर झालेला. आप्पा अंगणातून आले आणि सवयीनं म्हणून गेले, "चुलीला बी शाळा शिकवतीस काय गं? धूर लई झाला."

सासूबाई सुपात ज्वारी घेऊन बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. "शिरपा," त्या म्हणाल्या, "धाकट्याची बायकू हाय ती. लेकीवानी. लेकीची थट्टा करत्यात व्हय?"

आप्पा वळून बाहेर गेले. माझं उत्तर तयार होतं: धूर हाय म्हनून तर तुमचं तोंड दिसत न्हाई, तेवढंच बरं. ते मी पन्नास वर्षांनी इथं कागदावर लिहिते आहे. शिळं उत्तर आहे, त्याची चव गेलेली मलाही कळते आहे.

त्यानंतर काही दिवस आम्ही एक चोरवाट काढली होती. गोठ्यात म्हैस होती. आप्पा तिला म्हणायचे, "म्हशे, तुझं पानी लई उशिरा आलं. पानी आननारी आडावर भाषन करत हुती काय?" मी पाठमोरी, शेणाची पाटी भरता भरता म्हशीलाच सांगायची, "तू रवंथ कर बाई. ज्याला काम न्हाई त्याला बोलू दे." नातं मोडत नव्हतं, कारण आम्ही एकमेकांशी बोलतच नव्हतो. आठ-दहा दिवस गेले. म्हैस बिचारी दोघांकडं बघायची. सासूबाईंच्या कानावर जात नव्हतं. माझी सकाळ त्या गोठ्यासाठी उजाडायची. कधी एकदा शेणाला जाते असं व्हायचं, आणि शेणाला जायला उतावळी झालेली सून त्या गावानं पहिल्यांदाच पाहिली असेल.

एक दिवस दाराशी माझी थोरली जाऊ उभी होती. सरूअक्का. आप्पांची बायको. किती वेळ उभी होती कोण जाणे. आप्पा रानात निघून गेले. मला वाटलं, आता ही सासूबाईंना सांगणार, किंवा भांडणार. ती गोठ्यात आली, पाटीला दुसऱ्या बाजूनं हात लावला आणि म्हणाली, "मला आठ वर्सं झाली ह्या घरात. माझ्यासंगं 'भाकर वाढ' आन 'पानी दे' याच्यापल्याड कदी बोलनं न्हाई झालं. मला वाटायचं, त्येंना बोलताच येत न्हाई." पाटी उचलताना म्हणाली, "म्हशीचं नशीब बरं."

तिनं ते चिडून म्हटलं नाही. नुसतं सांगितलं. भांडली असती तर मी तिला दहा उत्तरं दिली असती.  दुसऱ्या दिवशी मी अक्कालाच म्हणाले, गोठा तू बघ, मी आडावर जाते. आप्पा म्हशीशी आणखी दोन दिवस बोलले. मग तेही थांबले.

हे मी ठरवून केलं. कोणी सांगितलं नव्हतं, सासूबाईंनाही माहीत नव्हतं. चांगलं केलं की वाईट, ते मला अजून समजत नाही. कारण त्यानं अक्काच्या वाट्याला बोलणं आलं असं काही झालं नाही. आप्पा तिच्याशीही बोलले नाहीत आणि माझ्याशीही नाही. घर पुन्हा मुकं झालं, उलट आधीपेक्षा एक माणूस जास्त मुकं झालं.

एका अंगणात आम्ही पन्नास वर्षं काढली. पोरांच्या तोंडून निरोप जायचे. आप्पा तीन हातांवर बसलेले असायचे आणि मी पोराला सांगायची, आप्पांना सांग ताट वाढलंय. पोरगं तिथंच वळून सांगायचं. आप्पा त्याला म्हणायचे, आलो म्हनावं. गावात लोक म्हणायला लागले, आप्पा लई गंभीर माणूस, सभेत बसले तरी शब्द बोलत नाहीत. हे ऐकलं की माझ्या मस्तकात तिडीक जायची. गंभीर! त्या माणसानं जीपमधून आलेल्या साहेबाला हसवलं होतं. पण हे सांगणार कोणाला, आणि मी सांगितलं तर लोक विचारणार, तुला गं काय माहीत?

मी माझी जीभ बालवाडीत चालवली. चार वर्षांच्या पोरांची थट्टा करायला कोणतंही नातं लागत नाही. एकाला विचारलं, काल का नाही आलास रे? तो म्हणाला, "बाई, तुमाला कुनी इच्यारतं का, आज का आल्या म्हनून?" मी त्याला उचलून घेतला. तीस वर्षं तशा पोरांच्या जिवावर काढली.

आता दिवस किती बदलले. माझी सूनबाई आप्पांच्या मुलाची, म्हणजे तिच्या थोरल्या दिराची, भर अंगणात थट्टा करते. तो सुप्याला कारखान्यात आहे, ड्यूटीवरून आला की हेल्मेट काढायच्या आत ही सुरू. "दादा, आज कंपनी चालू होती का तुम्ही गेला म्हणून बंद ठेवली?" तो तिला दोन सुनावतो, ती त्याला चार. पदर नाही, काही नाही, आणि आभाळही कोसळत नाही. मला बरं वाटतं. आणि जळफळाटही होतो. दोन्ही खरं आहे. इतकं सोपं होतं तर आमच्या वेळी का नव्हतं, असं कोणाला तरी धरून विचारावंसं वाटतं. धरायला कोणी नाही.

सरूअक्काला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून आप्पांचा चहा माझ्याकडं आला. मोठी पोरं दिवसभर नोकरीवर, निरोप न्यायला घरात लहान पोर कोणी नाही. मी ओट्याच्या कडेला कप ठेवते, बशीचा आवाज करते आणि आत येते. आवाज ऐकून ते उठतात. दोन वर्षं असंच चाललं होतं.

श्वेता गेली त्यानंतरची गोष्ट. आमचे हे पारनेरच्या बाजाराला गेले होते. सूनबाई तिच्या माहेरी. दुपार कलली होती. आप्पा कडुलिंबाखाली बाजेवर बसलेले. मी चहा घेऊन निघाले आणि ओट्याच्या कडेशी थांबले नाही. तशीच खाली उतरले, अंगण ओलांडलं आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. एका हातात कपबशी, दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर मागं सारला.   मनात म्हटलं, आता ते काहीही म्हणू देत. खाली पडू द्यायचं नाही.

त्यांनी मान वर केली. त्यांचे डोळे मी पन्नास वर्षांनी पाहिले. एकात मोतीबिंदू आहे, हे मला माहीतही नव्हतं.  मग अगदी हळू म्हणाले, "तुझ्या बापाकडं मी बोलनं मागायला गेल्तो."

मी कपबशी त्यांच्यापुढं धरली.

"सून आली."

मी तोंड उघडलं. पन्नास वर्षं गिळलेल्यातलं एकतरी वर येईल असं वाटलं. काही आलं नाही. 

"आप्पा, चहा निवतोय," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले. बशीत ओतून त्यांनी चहा प्यायला, कप माझ्या हातात दिला आणि फाटकाकडं बघत बसले. मी पदर पुढं ओढून आत आले आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रडले. या वेळी मला कोणी गप्प बसवलं नव्हतं.